मैत्रीपूर्ण लढत, मुक्काम पूर्व नागपूर

२०२४ साली धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला आली आणि विधानसभेचे उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवसही नेमका तोच निघाला. पंचांगकर्ते आणि निवडणूक आयोग यांचं आधी काही बोलणं झालेलं नव्हतं, तरी मुहूर्त असा जुळला की धनाची पूजा आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र एकाच दिवशी उरकलं. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, ३ ला भाऊबीज आणि ४ नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घ्यायची मुदत. म्हणजे रुसलेल्यांची मनधरणी करायला पक्षांच्या हाती राहिली ती ऐन दिवाळी. एरवी ज्या कार्यकर्त्याचा फोन साहेबांचा पीएसुद्धा उचलत नाही, त्याच्या दारात त्या आठवड्यात साहेब स्वतः चपला काढून उभे. चिवड्याचं कौतुक झालं, शंकरपाळ्यांचं झालं, पोरगं कितवीत आहे हेही विचारून झालं. मग हळूच मूळ विषय निघाला.

"साहेब, अजून एक करंजी घ्या ना."

"करंजी राहू दे बावा, तू तुझा अर्ज घे."

ज्यांनी अर्ज मागे घेतला ते निष्ठावंत ठरले. ज्यांनी ठेवला ते बंडखोर. आणि जिथे बंडखोराकडे त्याच्याच नेत्यांनी कानाडोळा केला, तिथे जे सुरू झालं त्याला महाराष्ट्राच्या राजकारणात 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणतात. यातली मैत्री वर मुंबईत असते आणि लढत खाली वॉर्डात. वरचे एकाच सोफ्यावर बसून पत्रकारांना सांगतात की आमच्यात सगळं आलबेल आहे, आणि खालचे एकमेकांची बॅनरं फाडत असतात.

हे जवळून बघायला नागपूरच्या नंदनवनासारखी जागा नाही. ग्रेट नाग रोड, केडीके कॉलेज, जगनाडे चौक, पलीकडे हसनबाग. पूर्व आणि दक्षिण नागपूर या दोन मतदारसंघांची वेस इथून लांब नाही. त्यामुळे इथल्या एखाद्या पानठेल्यावर उभं राहिलं, तर पानाला चुना लागेपर्यंत दोन मतदारसंघांचा निकाल लागलेला असतो. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथे जे संवाद झडत होते, त्यांचा मासला साधारण असा:

"काऊन भाऊ, घड्याळ कोणाकडं हाये यंदा?"

"घड्याळ युतीत."

"मंग आपल्या पूर्वला घड्याळवाल्या ताई युतीच्याच विरोधात काऊन उभ्या होऊन राहिल्या?"

"त्या अपक्ष उभ्या होऊन राहिल्या. घड्याळ नाही त्याहिले."

"आन् तुतारी?"

"तुतारी आघाडीत."

"मंग पंजावाला माणूस तुतारीच्या विरोधात काऊन?"

"अबे, तू खर्रा घे ना आधी."

खर्रा हाती आला तरी प्रश्न काही सुटला नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

पूर्व नागपूर हा वास्तविक राज्यातल्या सोप्या मतदारसंघांपैकी एक. २००९ पासून इथे भाजपचे कृष्णा खोपडे निवडून येतात. उत्सुकता असते ती समोर कोण, एवढीच. २०१९ ला समोर काँग्रेसचे पुरुषोत्तम हजारे होते. खोपडेंना १,०३,९९२ मतं मिळाली, हजारेंना ७९,९७५. फरक २४,०१७. हरलेल्या माणसाला पुढच्या वेळी पुन्हा बाशिंग बांधावंसं वाटावं, असाच हा आकडा. पण २०२४ च्या जागावाटपात पूर्व नागपूर शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेलं आणि उमेदवारी मिळाली दुनेश्वर पेठे यांना. हजारेंचं बाशिंग कपाळावरच राहिलं. ते त्यांनी उतरवलं नाही, तसेच बोहल्यावर चढले.

पेठे यांचं महत्त्व समजायला महापालिकेचा जुना हिशेब काढावा लागतो. २०१७ च्या निवडणुकीत नागपूर महापालिकेच्या १५१ जागांपैकी भाजपला १०८ मिळाल्या, काँग्रेसला २९, बसपला १०, शिवसेनेला २, राष्ट्रवादीला १ आणि अपक्षाला १. राष्ट्रवादीचा तो एक म्हणजे पेठे. अपक्षांतला तो एक म्हणजे आभा पांडे. पुढे जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. विधानसभेत ५४ आमदार निवडून आणलेला पक्ष फुटला, तर त्यात वाटून घ्यायला काहीतरी असतं. पण नागपूर महापालिकेत ज्या पक्षाचा नगरसेवक मोजून एक होता, तो पक्षही शहरात रीतसर दुभंगला! पेठे शरद पवारांसोबत राहिले. पांडे अजित पवारांच्या पक्षात होत्या. आणि विधानसभेला सभागृहातले हे दोन एकांडे, एक राष्ट्रवादीतला आणि एक अपक्षांतला, पूर्व नागपुरात समोरासमोर आले. महायुतीत ही जागा भाजपची, त्यामुळे पांडे पुन्हा अपक्षच.

आता चित्र पाहा. महायुतीचा अधिकृत उमेदवार आणि महायुतीतल्याच मित्रपक्षातली बंडखोर. महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार आणि आघाडीतल्याच मित्रपक्षातला बंडखोर. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, ही म्हण प्रचाराच्या चार रिक्षांवर लावून फिरवावी, अशी अवस्था. प्रत्येक कार्यकर्त्याला विरोधी पक्षाची भीती कमी आणि शेजारच्या मंडपातल्या मित्राची जास्त. एखाद्या घरासमोर प्रचाराची चार पत्रकं पडलेली असायची आणि चारही पत्रकांतले उमेदवार 'आपलाच माणूस' असायचे.

निकाल लागला तेव्हा खोपडेंना १,६३,३९० मतं होती, पेठेंना ४८,१०२. फरक १,१५,२८८. २४ हजारांचा फरक पाच वर्षांत सव्वा लाखाच्या दिशेने, एक लाख पंधरा हजारांवर गेला. याचं सगळं श्रेय किंवा खापर बंडखोरीवर फोडणं खरं नाही, कारण त्या वेळी राज्यभरच वारं एका बाजूला होतं. पण आपसात भांडणाऱ्यांचं वाऱ्यापासून काही रक्षण होत नाही, हेही खरंच.

शहराबाहेर पडलं की मैत्री आणखी गहिरी होते. रामटेकचंच घ्या. तिथे महायुतीकडून शिंदेंच्या शिवसेनेचे आशीष जयस्वाल. हे गृहस्थ २०१९ ला युतीत असताना युतीविरुद्ध बंड करून, भाजपच्या उमेदवाराला पाडून अपक्ष निवडून आले होते. २०२४ ला ते स्वतःच अधिकृत झाले. आघाडीकडून ही जागा ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली, उमेदवार विशाल बरबटे. त्यावर काँग्रेसचे राजेंद्र मुळक यांनी बंड केलं. इथवर सगळं रीतीप्रमाणे. पण पुढे काँग्रेसचे सुनील केदार आणि रामटेकचे काँग्रेस खासदार श्यामकुमार बर्वे बंडखोराच्याच प्रचारात दिसले. मशालवाले मुंबईकडे बघत राहिले, मुंबईवाले दिल्लीकडे. काँग्रेसने मुळकांना सहा वर्षांसाठी निलंबित केलं. ही सहा वर्षांची शिक्षा पक्षांच्या घटनेत मोठ्या गंभीरपणे लिहिलेली असते, पण ती पूर्ण भोगलेला नेता शोधायला दिवसा कंदील घेऊन निघावं लागेल. शेवटी जयस्वाल जिंकले, मुळक दुसरे आले आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार पार मागे राहिला. जुना बंडखोर जिंकला, नवा बंडखोर हरला. अधिकृतपणाला रामटेकात कोणी फारसं विचारत नाही.

काटोलची कथा तर एखाद्या नाटककाराने लिहिली असती तर दिग्दर्शकाने 'हे फार होतंय' म्हणून कापली असती. तिथे माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांचं नाव शरद पवारांच्या पक्षाने आधी जाहीर केलं, मग त्यांच्याऐवजी मुलगा सलील उभा राहिला. त्यावर अजित पवारांच्या पक्षाने कोणाला तिकीट द्यावं? अनिल देशमुख यांना! हे अनिल शंकरराव, माजी मंत्री ते अनिल वसंतराव. गंमत अशी की ज्याच्याशी नामसाधर्म्य साधायचं तो बाप मैदानातून बाहेर पडलेला होता, आणि त्याच्या नावाचा माणूस त्याच्या मुलाविरुद्ध उभा होता. शिवाय तिथे भाजपचे चरणसिंग ठाकूर अधिकृत असताना भाजपच्याच मित्रपक्षाने घड्याळ लावलेलं, म्हणजे ही लढत कायद्याने मैत्रीपूर्ण. निवडून आले ठाकूर.

याच काटोलात २०१४ साली आशीष देशमुखांनी भाजपतर्फे आपले काका अनिल देशमुख यांना हरवलं होतं. पुढे त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, काँग्रेसमध्ये गेले, २०१९ ला दक्षिण-पश्चिम नागपुरात थेट देवेंद्र फडणवीसांविरुद्ध लढले, २०२३ ला काँग्रेसमधून निघाले, भाजपमध्ये परतले आणि २०२४ ला सावनेरमधून निवडून आले. सावनेरमध्ये त्यांच्या विरोधात सुनील केदारांच्या पत्नी अनुजा होत्या, आणि अपक्ष म्हणून आशीष यांचे सख्खे भाऊ अमोल देशमुखही. नागपूर जिल्ह्यातल्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने पक्षांचे जाहीरनामे वाचण्यात वेळ घालवू नये. एक वंशावळ आणि एक एसटीचं वेळापत्रक घेऊन बसावं.

नागपूरकरांना मात्र या फाटाफुटीचं नवल वाटत नाही, आणि तसं वाटण्याचं कारणही नाही. रिपब्लिकन पक्षाची स्थापना याच शहरात झाली, ३ ऑक्टोबर १९५७ ला. पुढे त्या पक्षाच्या नावापुढे कंस यायला लागले आणि कंसात एकेका नेत्याचं नाव: खोब्रागडे, गवई, आठवले. तेव्हा इतर पक्ष त्याला हसायचे. १९७८ ला हसणाऱ्यांची पाळी आली. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत दोन काँग्रेस लढल्या, एक इंदिरा गांधींची आणि एक रेड्डींची. एकीला ६२ जागा मिळाल्या, दुसरीला ६९, आणि जनता पक्ष ९९ घेऊन पहिला आला. मग एकमेकींविरुद्ध लढलेल्या या दोन काँग्रेसनी एकत्र येऊन सरकार केलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि विदर्भाचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री, राज्याचे पहिलेच. चार महिन्यांत शरद पवारांनी ते सरकार पाडलं आणि जनता पक्षाबरोबर पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार केलं. म्हणजे निवडणुकीनंतर मैत्री आणि मैत्रीनंतर लढत हा क्रमही महाराष्ट्राने पूर्वीच वापरून पाहिलेला आहे. २०२४ ला फरक इतकाच पडला की कंसांचा मान वाढला. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार). आता कंस हा लहान पक्षाचा दागिना राहिला नाही, थोरामोठ्यांच्या घरातही आला.

कंसाआधी काय घडलं, ते तर अजून ताजं आहे. २०१९ च्या विधानसभेत एका कार्यकाळात तीन मुख्यमंत्री झाले, त्यातले पहिले फडणवीस पहाटे शपथ घेऊन ८० तासांत पायउतार. भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस या चारही मोठ्या पक्षांनी त्याच पाच वर्षांत सत्तेची चव घेतली. अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ तीनदा घेतली. मतदाराने एकदाच मत दिलं होतं आणि त्या एका मताच्या बदल्यात त्याला सगळे पक्ष पाहायला मिळाले. वसूल म्हणजे काय, तर हे.

पण खरी परीक्षा चिन्हांनी घेतली. ठाकरेंना २०२२ च्या ऑक्टोबरात मशाल मिळाली तेव्हा 'ती आमची आहे' म्हणून समता पक्ष कोर्टात गेला. मशाल घेऊन ते पहिली लढत लढले अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक. तिथे भाजपने माघार घेतली, ऋतुजा लटके सहज जिंकल्या, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण आलं? नोटा! १२,८०६ मतं. त्याआधी २०१९ ला लातूर ग्रामीणमध्येही काँग्रेसचे धीरज देशमुख निवडून आले तेव्हा उपविजेता नोटाच होता, साडेसत्तावीस हजार मतं घेऊन. प्रचार नाही, सभा नाही, पत्रक नाही, तिकिटासाठी रुसवा नाही, तरी दोनदा रौप्यपदक. या उमेदवाराकडे पक्षांनी गांभीर्याने पाहायला हवं.

घड्याळाची तऱ्हा वेगळीच. निवडणूक आयोगाने ते अजित पवारांना दिलं, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने सांगितलं की चिन्ह वापरा, पण चिन्हाचा वाद न्यायप्रविष्ट आहे हे लोकांना जाहीर करा. ऐन प्रचारात, ६ नोव्हेंबरला, वर्तमानपत्रांत छत्तीस तासांत तशी सूचना छापायचा आदेश झाला. त्यामुळे एकीकडे 'घड्याळासमोरचं बटण दाबा' आणि दुसरीकडे 'हे घड्याळ कोणाचं ते अजून ठरायचं आहे' अशा अर्थाची सूचना, दोन्ही एकाच पक्षाच्या खर्चाने. असा प्रामाणिक प्रचार महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी केलेला आठवत नाही, मग तो कोर्टाने करवून घेतला म्हणून काय झालं.

तुतारीवाल्यांचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळाला, आणि यादीत आधीपासून पडून असलेली पिपाणी अपक्षांच्या हाती गेली. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले, तर पिपाणीवाल्या अपक्षाने ३७,०६२ मतं घेतली. दिंडोरीत तर पिपाणीही आणि आडनावही तेच. भास्कर भगरे निवडून आले खरे, पण त्यांच्याच आडनावाचा अपक्ष १,०३,६३२ मतं घेऊन गेला. लाखभर मतं घ्यायला एरवी आयुष्य जातं, सभा घ्याव्या लागतात, सोयऱ्याधायऱ्यांची लग्नं अटेंड करावी लागतात. या गृहस्थांनी ती गाजराच्या पुंगीवर मिळवली, आणि ती वाजली. पक्षाने आयोगाकडे धाव घेतली, तुतारीचा माणूस मशीनवर जरा ठळक दिसेल अशी सोय झाली, पण विधानसभेलाही पिपाणी राहिलीच. आंबेगावात दिलीप वळसे पाटील देवदत्त निकमांना १,५२३ मतांनी भारी पडले. तिथे पिपाणीवाल्या अपक्षाचं नावही देवदत्त निकमच होतं. त्याने घेतली २,९६५.

नावाचा हा उद्योग जुना आहे. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि दुसरे एक सुनील तटकरे ९,८४९ मतं घेऊन घरी गेले. हा दुसरा तटकरे कोणी शोधला, कोणी समजावला, त्याची अनामत रक्कम कोणी भरली, या संशोधनावर पीएचडी व्हायला हरकत नाही. निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही बाजूंची हुशार पोरं मतदारयाद्या घेऊन जागतात, ती मतदार शोधायला जागतात असा आपला समज असतो. बरीचशी नामबंधू शोधत असतात.

ज्यांच्याकडे मान्यताप्राप्त चिन्ह नाही त्यांना आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतून निवड करावी लागते, आणि ती यादी वाचनीय आहे. भेंडी, हिरवी मिरची, फुलकोबी, नेलकटर, टूथब्रश, फुगा, पेनड्राइव्ह. वंचित बहुजन आघाडीने २०१९ ची लोकसभा कपबशीवर लढवली, त्याच वर्षीची विधानसभा गॅस सिलेंडरवर, २०२४ ची लोकसभा प्रेशर कुकरवर आणि पुन्हा विधानसभा गॅस सिलेंडरवर. सहा वर्षांत एका पक्षाचं सगळं स्वयंपाकघर लागलं. भेंडीवर उभ्या राहिलेल्या उमेदवाराला भरसभेत 'आपली निशाणी' म्हणून जी ओरडावी लागते, ती ओरडताना आवाजात जोश आणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. अशा चिन्हांसह २०२४ ला राज्यात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. एकट्या माजलगावात ३४. एका मतदान यंत्रावर नोटा धरून सोळा बटणं मावतात. माजलगावच्या मतदाराला तीन यंत्रांसमोर उभं राहून आपला माणूस शोधावा लागला.

खर्चाचंही एक शास्त्र आहे. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा, आणि त्याचा हिशेब जुळावा म्हणून जिल्हा प्रशासन दरपत्रक काढतं. चहाचा कप, पोह्यांची प्लेट, खुर्ची, मंडप, हार, ढोलताशा, सगळ्याचे दर ठरलेले. आता नागपुरात पोहे म्हणजे तर्री पोहे, आणि इथला माणूस तर्री एकदा घेऊन थांबत नाही. दुसऱ्यांदा ओतलेली तर्री उमेदवाराच्या खर्चात धरायची की मतदाराचा मूलभूत हक्क मानायचा, यावर दरपत्रक मौन पाळतं. नंदनवनातल्या प्रचार कार्यालयांत सकाळी नाश्त्याला असलेली गर्दी आणि दुपारी पदयात्रेला असलेली गर्दी यांच्यातली तफावत कोणत्याही निरीक्षकाने अजून नोंदवलेली नाही.

मतदाराच्या पदरात पडायच्या गोष्टींचा लिलाव नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चालला होता. लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येत होतेच. ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात महायुतीने ते २,१०० करू म्हणून सांगितलं. ६ तारखेला राहुल गांधी नागपुरात रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहात संविधानावर बोलले, आणि संध्याकाळी मुंबईतल्या सभेत आघाडीने ३,००० ची बोली लावली. ७ तारखेला नंदनवनातल्या बाया कोणी पुढे बोलतो का म्हणून वाट पाहून राहिल्या होत्या. कोणी बोललं नाही. निवडणुकीनंतरच्या पहिल्या अर्थसंकल्पात २,१०० आले नाहीत, १,५०० चालू राहिले. बायांनी त्यावर फार आरडाओरडा केला नाही. बोलीत आणि पावतीत फरक असतो हे त्यांना इतवारीच्या बाजारात रोज दिसतं.

या सगळ्यात एक खरीखुरी मैत्रीपूर्ण लढत मध्य नागपुरात झाली, हे सांगायलाच हवं. तिथले काँग्रेसचे उमेदवार बंटी शेळके प्रचार करता करता थेट भाजपच्या कार्यालयात शिरले आणि तिथल्या कार्यकर्त्यांची गळाभेट घेऊन बाहेर आले. १७ नोव्हेंबरला प्रियंका गांधींचा रोड शो महालातल्या बडकस चौकात पोचला तेव्हा भाजपचे कार्यकर्ते झेंडे घेऊन समोर उभे होते. त्यांनाही बाईंनी निवडणुकीच्या शुभेच्छा दिल्या आणि जिंकणार मात्र आघाडीच, हेही ऐकवलं. शेळके भाजपच्या प्रवीण दटके यांच्याकडून ११,६३२ मतांनी हरले. हरल्यावर त्यांनी तोफ डागली ती ज्यांच्या कार्यालयात गळाभेट झाली त्यांच्यावर नव्हे, आपल्याच प्रदेशाध्यक्षांवर. विरोधी पक्षाशी सौजन्य आणि स्वपक्षाशी युद्ध, हे धोरण इतक्या सचोटीने दुसऱ्या कोणी राबवलेलं नाही.

२३ नोव्हेंबरचा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. महायुती २३०, महाविकास आघाडी ४६. आघाडीतल्या तिघांपैकी सर्वांत मोठ्याचे आमदार २०, आणि विरोधी पक्षनेतेपदासाठी परंपरेने लागतात २९. शहरातल्या सहा जागांपैकी भाजपला चार मिळाल्या, काँग्रेसला पश्चिम आणि उत्तर अशा दोन. मंत्रिमंडळाचा विस्तार १५ डिसेंबरला नागपुरातच झाला, राजभवनात ३९ जणांनी शपथ घेतली, आणि १९९१ नंतर पहिल्यांदाच ही जत्रा नागपूरकरांना घरबसल्या बघायला मिळाली. हिवाळी अधिवेशनाला येणाऱ्या मंडळींनी सावजी रस्सा चाखला, संत्राबर्फीची खोकी घेतली. शपथेला नाव न आल्यामुळे रुसलेले मात्र न जेवताच परतले. रुसव्यांचा पुढचा हंगाम तिथेच सुरू झाला.

विधानसभेची पुढची निवडणूक नेहमीच्या क्रमाने २०२९ ला येईल. तोपर्यंत कोणाच्या नावापुढचा कंस जाईल, कोणाच्या नावापुढे येईल, घड्याळ कोणाच्या भिंतीवर असेल आणि 'आपला माणूस' कोणत्या मंडपात बसलेला असेल, हे नंदनवनातला पानठेलेवालाही छातीठोकपणे सांगायला तयार नाही. तेव्हा मतदारांना एवढीच विनंती: आपलं नाव यादीत आहे का ते आधी बघा. मग उमेदवाराचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासह पाठ करा, तुतारीच्या मागे माणूस आहे की नुसतीच पिपाणी आहे ते पाहा, आणि बटण दाबल्यावर लगेच पाठ फिरवू नका. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे ती चिठ्ठी सात सेकंद दिसते. चष्मा घरी विसरू नका.